दोन पेशींच्या मधलं

आमच्या मॅडम मे महिन्यात पंखा लावू देत नसत. ज्यानं नागपूरचा मे काढलेला नाही त्याला या वाक्याचं गांभीर्य कळायचं नाही, आणि ज्यानं काढला आहे तो विचारेल, ही बाई होती की कोण होती? पण मॅडमचं कारण साधं होतं. जबड्यातून काढलेला गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हा आमच्या विभागाचा धंदा. पंखा लावला की काप उडत. एकदा नवे डीनसाहेब पाहणीला आले आणि घामानं बेजार होऊन त्यांनी स्वतःच बटण दाबलं. काप उडाला तो थेट त्यांच्या चष्म्यावर. मॅडम दोन्ही हात पसरून ओरडल्या, "हलू नका साहेब! तुमच्या चष्म्यावर माहा पेशंट बसला!" साहेब खरोखरच हलले नाहीत. मॅडमनी ब्रशच्या टोकानं पेशंट उतरवून घेतला आणि मगच त्यांना नमस्कार केला.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होते. दंतवैद्यकाची पदवी घेऊन वर पुन्हा मुखरोगांचं हे सूक्ष्मदर्शकी शिक्षण. उन्हाळ्यात काप काढायचं काम ऊन चढायच्या आत उरकायचं असा मॅडमचा नियम, त्यामुळे कोराडीच्या कॉलनीतून मी पहिली बस पकडायची. वडील वीज केंद्रात होते, त्यांना पाळ्यांची सवय. आईला मात्र हे पटत नसे. "इतक्या सकाळी दात पाहायले कोण जाते वं?" ती म्हणायची. मीही काही गरीब गाय नव्हते. विभागात पोचले की पहिलं भांडण मॅडमशीच करायची, पंख्यावरून. त्या ऐकून घेत, कोटाच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवत आणि म्हणत, "खाय. तोंड बंद राहते."

मॅडम ठेंगण्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, आणि पांढऱ्या कोटाचे दोन्ही खिसे फुटाण्यांनी सदा फुगलेले. माहेर कुहीकडचं, धान पिकवणारं घर. माहेर म्हणायचं ते सवयीनं, सासर त्यांनी केलंच नाही. कोणी विचारलं तर "टाइम नाही भेटला" म्हणून मोकळ्या. गावातली पोरगी डॉक्टर झाली याचं गावाला कौतुक, पण दातांची झाली याचं थोडं दुःख, आणि दातांची होऊन दात उपटत नाही याचा तर चक्क संताप. गावाकडून गाल धरून माणसं येत, मॅडम त्यांना चहा पाजून दुसऱ्या विभागात पाठवून देत. "उपटायले काय, कोणीबी उपटते," त्या म्हणत. "आपलं काम पाहायचं." गावात मात्र एवढंच पोचलं की इतकी शिकली, पण साधा दात काढता येत नाही.

त्यांच्याकडे लुना होती. ती त्या इतक्या हळू चालवत की मागून सायकलवाले घंटी वाजवत. अमरावती रोडवर एखाद्या ट्रकनं भोंगा दिला तर लुना थांबवून, उतरून, ड्रायव्हरला विचारत, "काहून गा? तुह्या घरी पाहुणे आले काय?" तोवर मागं वाडी गावापर्यंत रांग लागलेली असे.

शिकवायची पद्धत अशी की पुस्तकातलं एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "म्हणजे काय?" मग उत्तर नागपुरीत. आमच्या शाखेतल्या सगळ्यात नाठाळ गाठीचं त्यांनी सांगितलेलं वर्णन मी आजही वर्गात जसंच्या तसं सांगते. जबड्यात दात घडवणाऱ्या पेशी असतात. दात घडवून झाले की त्यांचं काम संपतं, पण काही जणी जातच नाहीत, हाडात बसून राहतात. "घर बांधून झालं, पण मिस्त्री गेलाच नाही. एक दिवस त्याले वाटते, आपण बेकार काहून बसून राहिलो? तो पुन्हा काम चालू करते. घर तं होत नाही, नुसता पसारा होते. आन् तो पसारा तुह्या हाडात." या गाठीला पुस्तकात अमेलोब्लास्टोमा म्हणतात. ती दूर अंगात सहसा पसरत नाही, चटकन मारत नाही, पण हाड खात खात सरकते. खरवडून काढली तर कडेला राहिलेल्या चार पेशींतून पुन्हा उगवते. म्हणून त्या काळी सर्रास उपाय एकच होता, तेवढा जबडा कापून काढायचा. मग माणूस जगे, पण त्याचा चेहरा एका बाजूला बसे, बोलणं बोबडं होई आणि भाकरी सुटे.

मॅडमना गाठीपेक्षा गाठीतल्या पेशी एकमेकींना कशा धरून असतात याचं वेड होतं. "पेशी पाहू नको वं," त्या म्हणत, "दोन पेशींच्या मधलं पाय." पाय म्हणजे पाहा. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सुट्या होतात एवढं आम्हाला माहीत होतं, पण धरून ठेवणारी वस्तू कोणती ते ठाऊक नव्हतं. मॅडम तिला डिंक म्हणत. तोंडी परीक्षेला एकदा त्यांनी एका मुलापुढे ताटलीत दोन लाडू ठेवले, एक डिंकाचा आणि एक पाक बिघडलेल्या रव्याचा. मुंबईहून आलेले परीक्षक बघतच राहिले. "यातला कोणता पेशंट वाचन आन् कोणता मरन?" मॅडमनी विचारलं. मुलानं घाबरून रव्याचा उचलला, तो त्याच्या पँटवर भुगा होऊन सांडला. "पाय, हा असा पसरते," मॅडम खुशीत म्हणाल्या. परीक्षकांनी डिंकाचा लाडू खाल्ला आणि मुलगा पास झाला.

पुढं परदेशी मासिकांतून त्या वस्तूंची नावं यायला लागली. पेशींच्या अंगावरची प्रथिनं, कॅल्शियमच्या मदतीनं एकमेकांना धरणारी, कॅडहेरिन वगैरे. तो अंक हातात धरून मॅडमनी सगळ्या मजल्यावर मिरवणूक काढली. "सापडला पाहा डिंक! म्या म्हटलं नोतं काय?" जो भेटेल त्याला फुटाणे. आज माझ्या विद्यार्थिनी खास रंग घालून हा डिंक पेशींच्या कडेनं तपकिरी रेघांत पाहतात. आमच्याकडे असला रंग नव्हता. डिंक दिसत नव्हता, म्हणून मॅडम डिंक नसलेली जागा पाहत. म्हणजे फट.

त्यांचं म्हणणं असं. ज्या गाठीत पेशींमधली फट मोठी, तिथल्या पेशींनी एकमेकींना सोडलेलं आहे, त्या हाडात भटकणार. तिथं जबडा कापा. जिथं फट बारीक, तिथं पेशी एकमेकींना धरून आहेत. नुसतं खरवडा, जबडा राहू द्या. किती वर्षं त्या हे पाहत होत्या कोण जाणे. विभागात त्यांची दोन लोखंडी कपाटं होती. एकात फट मोठी असलेल्या काचा, त्याला आम्ही 'सुटलेले' म्हणायचो, दुसऱ्यात 'धरलेले'. नवी गाठ आली की काच पाहून मॅडम ती कोणत्या कपाटात जाणार ते ठरवत, आणि त्यावर एका माणसाच्या जबड्याचं काय होणार ते ठरावं असा त्यांचा आग्रह असे.

शस्त्रक्रिया विभागाचे सर हे मानत नसत. ते पुण्याचे, मितभाषी, हात फार सफाईदार. "मॅडम, फट पाहून जबडा सोडायचा म्हणजे कुंडली पाहून लग्न लावण्यासारखं आहे," ते म्हणत. मॅडम म्हणत, "मंग लावा ना एखादं. पाहू टिकते का." कधी एक, कधी दोन, असे 'धरलेल्या'तले पेशंट सरांनी नुसते खरवडून पाठवले. ते बरे राहिले. सर हट्टी होते पण खोटे नव्हते. एका वसंतात दोन्ही विभागांच्या बैठकीत ते स्वतःहून म्हणाले, "जबड्याचं नंतर बोलू. आधी मॅडमची फट पाहू." मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दहावीत पहिल्या आलेल्या पोरीसारखा झाला होता. पाठोपाठ एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, की तुमचं हे काम येऊन मांडा. मॅडमनी काठाची नवी साडी घेतली आणि मला काचांचे फोटो काढायला बसवलं. पहिला फोटो देवाजीच्या काचेचा. देवाजी वाडीच्या एका गोदामात हमाल होता, 'धरलेल्यां'मधला, आणि मॅडमचा फार लाडका. त्याचा जबडा मॅडमच्या शब्दावर राहिला होता.

आता कडक मेणाचं सांगायला हवं, कारण सगळं पुढं त्याच्यावरच आलं. साधं मेण आमच्याकडे उन्हाळ्यात लोण्यासारखं व्हायचं, पात्याखाली काप निघायच्या ऐवजी चिखल निघायचा. बर्फाची लादी आणून मेणाचे ठोकळे तिच्यावर ठेवणं हे सगळेच करतात. मॅडमनी वर आपली युक्ती काढली होती. होळी झाली की त्या मेणच बदलत. उशिरा वितळणारं, कडक. त्यासाठी ओव्हन जास्त तापवावा लागे, पण काप रिबिनीसारखे सरळ निघत. बाहेरगावचे लोक विचारत, नागपूरच्या उन्हात तुम्हाला हे जमतं कसं? मॅडम आवाज खाली आणून, घराण्याचा मसाला सांगितल्यासारखं सांगत, "कडक मेण."

त्या मे महिन्यात वनिता आली. कुहीच्या पलीकडच्या गावची, अठराच्या आतबाहेरची, शिक्षिका व्हायचं शिकत होती. खालच्या जबड्याला डाव्या बाजूनं मागं सूज. एक्स-रेमध्ये मोठी काळी पोकळी आणि तिच्यात अडकलेली अक्कलदाढ. पोरगी बोलकी इतकी की तोंडात आरसा घातला तरी बोलणं चालूच. मॅडमचा रिवाज होता, काच पाहण्याआधी वॉर्डात जायचं आणि जबड्यावर स्वतःचा अंगठा ठेवायचा. त्यांनी दाबलं, तसं हाड अंड्याच्या टरफलासारखं करकरलं. वनिताची आई पदर तोंडाला लावून उभी होती. "बाई, तुमी तं आपल्याच तिकडच्या," ती म्हणाली. "खरं सांगा."

"खरं मले अजून माहीत नाही वं. काच पाहू दे."

वनितानं विचारलं, "म्याडम, जबडा काढला तं मले शिकवता येईन काय? बोबडं बोललं तं पोट्टे हसतीन ना."

मॅडमनी कोटाच्या खिशात हात घातला. तिच्या हातावर फुटाणे ठेवले आणि मग ते चावायला दुखेल हे लक्षात येऊन परत घेतले.

तुकडा काढला, काच तयार झाली. गाठ तीच निघाली, बेकार मिस्त्री. आणि फटी अशा की मधून बैलगाडी जावी. सरांनी पाहिलं आणि मान हलवली. "सुटलेली आहे, मॅडम. तुमचाच नियम. आता मीही मानतो." त्यांनी अर्धा जबडा काढायचा दिवस ठरवला. मला वनिताचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, फोटो काढायला इतकी उत्तम काच पूर्वी मिळाली नव्हती. मी कॅमेरा चढवत होते तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब. कडेचे लोक पाहायचे राहिले." हाही त्यांचा रिवाज. काच हातात आली की तिच्या चारी कडांपर्यंत जायचं, भले तिथं कामाचं काही नसो.

कडेला गाठीबरोबर निघून आलेला हिरडीचा एक लहानसा चांगला तुकडा होता. मॅडम त्यावर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग मला बोलावलं. "ही हिरडी पाय. हिनं काय गुन्हा केला?"

"काही नाही मॅडम, निरोगी आहे."

"मंग हिच्यात फट काहून हाय?"

मी पाहिलं. निरोगी हिरडीच्या पेशीसुद्धा एकमेकींपासून सुटून उभ्या होत्या. गाठीतल्या पेशींनी हात सोडला म्हणावं, तर हिरडीनं कशासाठी सोडावा? मॅडम उठल्या आणि त्यांनी 'सुटलेले'चं कपाट उघडलं. एक काच काढली, गाठीकडे पाहिलंच नाही, सरळ कडेला गेल्या. तिथली हिरडी सुटलेली. दुसरी काच. सुटलेली. मग दुसऱ्या कपाटातल्या. तिथं गाठही धरलेली, हिरडीही धरलेली. टेबलावर काचांचे दोन ढीग झाले. प्रत्येक काचेच्या टोकाला तारीख कोरलेली असे, ती आम्ही आजवर कधी अशी एकत्र ठेवून वाचली नव्हती. या ढिगात एप्रिल, मे, जून. त्या ढिगात नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पावसाळ्यातल्या काचा दोन्हीकडे वाटल्या गेलेल्या. मॅडमच्या एका कपाटात उन्हाळा होता आणि दुसऱ्यात हिवाळा.

फट गाठीची नव्हतीच. कडक मेणासाठी ओव्हन जास्त तापायचा, त्या तापानं तुकडा आकसायचा आणि आकसताना पेशी पेशींपासून ओढल्या जायच्या. उन्हाळ्यात आलेला पेशंट 'सुटलेला' आणि हिवाळ्यात आलेला 'धरलेला'. इतक्या वर्षांत आम्ही गाठी पाहतो आहोत असं समजून नागपूरची हवा पाहत होतो.

मॅडम उठल्या आणि त्यांनी पंखा लावला. पूर्ण वेगानं. टेबलावरचे त्या दिवशीचे काप भिंतीला जाऊन चिकटले. "उडू दे," त्या म्हणाल्या आणि पंख्याखाली डोळे मिटून बसल्या. मी बावळटासारखं विचारलं, "मॅडम, कॉन्फरन्स?"

"कॉन्फरन्सले जबडा नसते वं," त्या म्हणाल्या. "पोट्टीले हाय."

वनिताच्या तुकड्याचा अर्धा भाग बाटलीत शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मॅडमनी तो मऊ मेणात घालायला घेतला, ओव्हन कमी ठेवून, भोवती बर्फ रचून. काप फाटत होते, चुरगळत होते, मॅडम ठेवणीतल्या शिव्या देत होत्या. शेवटी थोडे हाती लागले. त्यात फटी नव्हत्या. हिरडी जागेवर होती, गाठीच्या पेशीही जागेवर होत्या. आणि फटीचं वेड डोक्यातून गेल्यामुळे की काय, आधी न पाहिलेली एक गोष्ट दिसली. गाठ पिशवीसारखी होती आणि त्या पेशी पिशवीच्या आतल्या अस्तरातच होत्या. जिथपर्यंत आम्हाला दिसत होतं तिथपर्यंत पिशवीच्या भिंतीत त्यांनी पाय ठेवलेला नव्हता.

बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. फुटाणे नाहीत, प्रस्तावना नाही. "फटीचा माझा नियम चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. बैठकीत त्या पुस्तकी मराठी बोलत. मग त्यांनी दोन कपाटांचं, मेणाचं आणि हिरडीचं सगळं सांगितलं. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हा नियम मानायला वर्षं घेतली होती आणि मानून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते.

"मॅडम, तुमच्या शब्दावर मी माणसांचे जबडे सोडलेत," ते म्हणाले.

"हो."

"त्या माणसांचं काय?"

"त्यांच्याकडे मी जाते. एकेकाकडे."

"आणि ही मुलगी?"

आता मॅडमचं पुस्तकी मराठी सुटलं. "मले माहीत नाही, सर. फट पाहून सांगता येत नाही, एवढंच माहीत हाय. पण गाठ पिशवीच्या आत दिसते. धानाच्या बांधीत पाणी असते तशी. बांध फुटला नसन तं पिशवी अख्खी काढली की काम झालं. फुटला असन तं ती पुन्हा येईन, आन् तवा जबडा काढाच लागन. पण आज माह्या मेणासाठी तिचा जबडा काढू नका."

सर उठले आणि सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसले. पुष्कळ वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग म्हणाले, "पेशंटला विचारू. वर्षानुवर्षं तपासायला यावं लागेल, हे तिला पटलं पाहिजे." वनितानं सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदाच मध्ये न बोलता. मग म्हणाली, "येत राहीन ना. कुहीवरून बस हाय." सरांनी पिशवी अख्खी काढली, दाढेसकट, आणि आतलं हाड सगळीकडून खरवडलं. जबडा राहिला. पुढं ती शिक्षिका झाली. दर वर्षी धान कापून झालं की यायची आणि मॅडमचा अंगठा जबड्यावर असतानाही शाळेतल्या तक्रारी सांगायची. तिची गाठ परत आली नाही. पण ते आम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि मॅडमनी ते माहीत असल्याचं सोंगही केलं नाही, याचं मला आजही फार मोल वाटतं.

परिषदेलाही त्या गेल्या. नवी साडी नेसून गेल्या आणि मिळालेल्या वेळात आपण कसे चुकलो ते सांगून आल्या. सभागृहातले बरेच लोक चहाला उठून गेले म्हणे. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "बसले होते त्याईले तरी नीट ऐकू आलं."

पण परिषदेच्या आधी त्यांनी 'धरलेल्यां'च्या घरोघर जाणं सुरू केलं. हिवाळ्यात येऊन गेलेले, खरवडून पाठवलेले, आम्ही ज्यांचं कौतुक करत होतो ते लोक. त्यांना येऊन जा म्हणून निरोप पाठवून भागलं असतं. पण मॅडम म्हणाल्या, "दुखत नसन तं कोण येते? आन् हे दुखत नाही, तीच तं गोम हाय." त्या स्वतः गेल्या, मला सोबत घेऊन, कधी बसनं, कधी लुनावर. शेतात, दुकानात, एकदा एका लग्नाच्या पंगतीत. अंगठा ठेवायचा, दाबायचा, आणि काही नसलं की, "जेव गा पोटभर" म्हणून निघायचं. दर वेळी बाहेर आल्यावर त्या एक मोठा श्वास सोडत. मला वाटायला लागलं, सगळेच निभावले.

वाडीला आम्ही देवाजीकडे सगळ्यात शेवटी गेलो. मॅडमनी त्याला का मागं ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. गोदामापुढे ट्रक लागलेले, पोत्यांची चढउतार चाललेली. देवाजीनं मॅडमना पाहिलं, पाठीवरचं पोतं उतरवलं, दुसऱ्या एका पोत्यावरची धूळ गमछ्यानं झटकून त्यांना बसायला दिलं आणि चहा मागवला. "कशा काय इकडं, म्याडम?"

"तोंड उघड."

त्यांनी अंगठा आत घातला. मागून पुढं यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. तिथंच पुन्हा दाबलं. त्यांच्या पाठीकडे पाहूनच मला कळलं. अंगठा काढला, पदराला पुसला आणि पोत्यावर बसून राहिल्या. चहा आला तो तसाच हातात.

"परत आली काय?" देवाजीनं विचारलं.

"आली."

"मंग आता जबडा काढा लागन?"

"हाव. इकडची बाजू."

देवाजीनं हातानं जबडा चाचपला. ट्रकवाला त्याला हाका मारत होता. मग मॅडमनी त्याला सगळं सांगितलं. मेण, ओव्हन, हिरडी, थंडी, काही लपवलं नाही. तो हमाल माणूस, पण मध्ये एकदाही डोळे न हलवता ऐकत होता. मला ते सहन होईना, मी ट्रकचे टायर पाहत उभी राहिले.

"तू हिवाळ्यात आल्ता म्हणून म्या तुले सोडलं," मॅडम म्हणाल्या. "तवाच काढला असता तं आज हे पुन्हा नसतं करा लागलं. चूक माही हाय गा, देवाजी."

"तुमची काहून?" तो म्हणाला. "गाठ तं मले झाल्ती." मग थोडं थांबून म्हणाला, "आन् म्याडम, इतके वर्सं भाकर चावून खाल्ली ना म्या. ते काय आता वापस घेता तुमी?"

मॅडमचा चष्मा ओला झाला होता. त्यांनी तो काढला नाही, पुसलाही नाही. गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि उठल्या.

"उद्या सकाळी येजो," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी येजो. मी दारातच उभी असन."